लास क्रूसेसची कोरडी नदी आणि आपले आवर्तन

अमेरिकेच्या नैऋत्य भागात, न्यू मेक्सिको राज्यात, लास क्रूसेस नावाचे एक शहर आहे. 2020 च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या 1,11,385, म्हणजे आपल्या सोलापुरातील दोन-चार मोठ्या पेठा आणि त्यांच्या भोवतीची नगरे एकत्र केली तर होईल तेवढी. भाची तेथील विद्यापीठात संशोधन करत असल्यामुळे काही काळ त्या शहरात राहण्याचा योग आला. सोलापूरचा माणूस कोठेही गेला तरी आधी पाण्याची चौकशी करतो, तशी मीही केली आणि मग त्याच विषयात गुंतून पडलो.

शहराला लागून रिओ ग्रांदे नदी आहे, असे नकाशा सांगतो. मी पुलावर जाऊन खाली पाहिले, तर रुंद पात्रभर वाळू पसरलेली होती आणि त्या वाळूतून लोक कुत्र्यांना फिरवत होते. भाची म्हणाली, "मामा, इथे नदी उन्हाळ्यात येते." आपल्याकडे उन्हाळ्यात नद्या आटतात, तेथे मात्र उत्तरेकडील एलिफंट ब्यूट धरणाचे दरवाजे शेतीसाठी उघडतात तेव्हाच पात्रात पाणी दिसते आणि हंगाम संपला की पुन्हा वाळू. आपल्या भाषेत सांगायचे तर त्या नदीला केवळ आवर्तनापुरतेच, म्हणजे धरणातून ठरावीक काळ पाणी सोडण्याच्या पाळीपुरतेच, आयुष्य उरले आहे.

हे धरण 1916 मध्ये पूर्ण झाले. त्याची साठवण क्षमता साधारण 20 लाख एकर-फूट, म्हणजे आपल्या हिशेबाने 87 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) घरात जाते. आपल्या भीमेवरील उजनी धरणाची एकूण क्षमता 117 टीएमसी असून त्यातील सुमारे 63 टीएमसी मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेले तळाचे पाणी, आहे. त्यामुळे धरण 'मायनस'मध्ये गेले तरी त्यात पाणी असतेच आणि 2024 च्या उन्हाळ्यात तर आपण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली जाऊन ते वापरले. एलिफंट ब्यूटची अवस्था याहून बिकट आहे. गेल्या वीसेक वर्षांत ते बहुतांश काळ तळाशीच राहिले असून 2021 मध्ये साठा दहा टक्क्यांच्याही खाली उतरला होता.

आणि तरीही लास क्रूसेसमध्ये नळाला चोवीस तास पाणी असते. वर्षाला सव्वादोनशे-अडीचशे मिलिमीटर पाऊस, नदी कोरडी, धरण तळाला, तरीही नळ सुरू; आणि आपल्याकडे त्याच्या दुपटीहून अधिक पाऊस, उजनी भरून वाहिलेली, तरीही चार-पाच दिवसांआड पाणी, घरोघरी निळी पिंपे, आणि पाणी सुटले की नळाला मोटार लावण्याची घाई. सुरुवातीला मला हा सरळसरळ कारभाराचा फरक वाटला. वितरणाच्या बाबतीत तो आहेही, कारण जलवाहिनी, टाक्या आणि गळती हे विषय आपल्याकडे वर्षानुवर्षे चर्चेतच राहतात. परंतु त्या नळामागची दुसरी गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे.

ते शहर नदीचे पाणी पीत नाही, जमिनीखालचे उपसते. आसपासचे शेतकरीही तेच करतात. या खोऱ्यातील मुख्य पीक आहे पिकान, अक्रोडाच्या जातीचे एक कवचफळ. त्याची बाग मी जवळून पाहिली. लेसरने सपाट केलेल्या जमिनीभोवती बांध घातलेले, कालव्याचे दार उघडले की पाणी आत शिरते आणि शेकडो झाडांचे बुंधे घोटाभर पाण्यात उभे राहतात. वाळवंटात हे दृश्य पाहून मला लगेच आपला ऊस आठवला. फरक एवढाच की पाणी नसेल तर उसाची लागण एखादे वर्ष टाळता येते. पिकानची बाग पन्नास-पन्नास वर्षे जगते आणि तिला एक वर्षही उपाशी ठेवता येत नाही.

कालव्याचे पाणी वाटण्याचे काम तेथील 'सिंचन जिल्हा' ही संस्था करते. तिचे संचालक मंडळ शेतकरीच निवडून देतात. हंगामापूर्वी हे मंडळ यंदा एकरी किती इंच पाणी मिळणार ते जाहीर करते. पूर्ण वाटा 36 इंचांचा. दुष्काळी 2013 मध्ये तो साडेतीन इंचांवर आला. ही तूट विहिरींनी भरून काढली. भूजलाच्या अशा उपशावरूनच टेक्सास राज्याने 2013 मध्ये न्यू मेक्सिकोविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली.

या खटल्याचे मूळ समजून घेण्यासारखे आहे. 1938 च्या करारानुसार न्यू मेक्सिकोने टेक्साससाठीचे पाणी एलिफंट ब्यूट धरणात पोहोचवायचे असते, पण टेक्सासची हद्द तेथून सुमारे शंभर मैल खाली आहे. या शंभर मैलांत नदीकाठच्या विहिरी पाणी खेचतात, ते शेवटी नदीतूनच झिरपलेले असते आणि त्यामुळे आमच्या वाट्याचे पाणी वाटेतच मुरते, अशी टेक्सासची तक्रार. टेक्सास, न्यू मेक्सिको आणि करारातील तिसरे राज्य कोलोरॅडो यांनी 2022 मध्ये तडजोड केली. परंतु केंद्र सरकारने हरकत घेतली आणि जून 2024 मध्ये न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी ती तडजोड नाकारली. धरण केंद्राचे, आणि 1906 च्या तहानुसार मेक्सिकोला पाणी देण्याची जबाबदारीही केंद्राचीच.

आता हे चित्र भीमेवर ठेवून पाहा. सोलापूरसाठी उजनीतून पाणी नदीत सोडले जाते, ते पंढरपूर, मंगळवेढा करत औज आणि चिंचपूर बंधाऱ्यांपर्यंत येते आणि टाकळीहून उपसून शहराला मिळते. एका आवर्तनाला पाच-सहा टीएमसी पाणी खर्ची पडते आणि शहराच्या हाती त्यातील थोडासाच हिस्सा लागतो. वाटेतील मोटारी बंद राहाव्यात म्हणून नदीकाठची वीज तोडावी लागते. बंधाऱ्यापलीकडे कर्नाटकची हद्द, त्यामुळे तेथील उपशावरून दर उन्हाळ्यात ओरड ठरलेली. म्हणजे आपण टेक्सासच्या जागी आहोत, आणि ज्या लास क्रूसेसच्या चोवीस तास नळाचा मला हेवा वाटला, ते शहर आपल्या नदीकाठच्या मोटारवाल्यांच्या रांगेत बसते. हे ध्यानात आल्यावर हेवा बराच ओसरला.

एक गोष्ट मात्र तेथून उचलण्याजोगी वाटली. तेथे शहराचा कारभार महापौर आणि सहा सदस्यांची परिषद पाहते. सभेत सामान्य नागरिकाला ठरावीक वेळ बोलता येते. आपल्याकडे 102 नगरसेवकांचे सभागृह 2022 मध्ये मुदत संपल्यावर दीर्घकाळ रिकामे राहिले आणि प्रशासकच कारभार पाहत होते, त्या काळात पाण्याचा जाब विचारायचा कोणाला हाच प्रश्न होता. उजनीतून किती क्युसेकने पाणी सुटले, ही बातमी आपल्याला दुसऱ्या दिवशी वाचायला मिळते. औजला त्यातील किती पोहोचले आणि टाकळीहून किती उपसले, हे दोन आकडे प्रत्येक आवर्तनानंतर सभागृहाच्या पटलावर ठेवावेत, असे पत्र मी आमच्या प्रभागातील नगरसेवकांना देणार आहे.