तेच जज, तोच कैदी

२०१९ मध्ये मी न्यू जर्सीत, नुअर्कच्या फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात लॉ क्लार्क होते. कायदा धुंडाळून जजसाहेबांसाठी टिपणं काढायची, निकालांचे मसुदे लिहायचे. साहेबांनी पंच्याहत्तरी ओलांडली होती. साताऱ्यात वकिली करणाऱ्या माझ्या काकांना हे पटतच नसे. "आपल्याकडे हायकोर्टाचा जज ६२ ला घरी जातो. यांना निवृत्ती नाही, बदलीही नाही?" नाही. राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देतं. मग महाभियोग सोडला तर कुणी हटवू शकत नाही.

एवढं अभय असलेल्या माणसाचेही हात बांधलेले असतात, हे मला एका जुन्या फाइलीत दिसलं. २००३ मध्ये याच साहेबांनी एका तरुणाला जन्मठेप दिली होती. माल ६२ ग्रॅम क्रॅक कोकेन. तेव्हा ५० ग्रॅम किंवा जास्त माल आणि ड्रग्जचे आधीचे दोन गुन्हे असले की जन्मठेपच, जजला सूट नाही. फेडरल म्हणजे केंद्रीय गुन्ह्यांना पॅरोल, म्हणजे मुदतीआधी सुटका, १९८७ पासूनच बंद. म्हणजे मरेपर्यंत आत. २०१० मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ५० ची मर्यादा २८० ग्रॅमवर नेली, पण आधी शिक्षा झालेल्यांना तिचा फायदा मिळाला तो थेट डिसेंबर २०१८ च्या कायद्याने. त्याच आधारे या कैद्याचा शिक्षा कमी करायचा अर्ज आमच्याकडे आला होता.

सरकारी वकील म्हणाले, शिक्षेआधीच्या अहवालात माल २८० च्या वर धरलाय, तेव्हा अर्जच चालत नाही. साहेबांनी ते फेटाळलं. दोष कुठल्या कलमाखाली ठरला ते बघायचं, अहवाल नव्हे.

खरं तर कागदावरच निकाल देता आला असता, कैद्याला आणायची सक्ती नव्हती. साहेब म्हणाले, "त्याला बोलवा. आणि २००३ चं ट्रान्सक्रिप्ट काढ."

तो आला खाकी कपड्यांत, दोन मार्शलांच्या, म्हणजे कोर्टाच्या पोलिसांच्या मधे. साहेबांनी स्वतःचंच जुनं बोलणं वाचून दाखवलं: "माझ्या मते ही शिक्षा अवाजवी आहे. कायद्याने मला दुसरा मार्ग ठेवलेला नाही." दुसऱ्या वाक्याला आवाज चढला. एरवी मी त्यांना कोर्टात चिडलेलं पाहिलं नव्हतं.

काही सांगायचंय का, असं विचारल्यावर तो गयावया करेल असं मला वाटलं होतं. त्याने तुरुंगातल्या कारखान्यात चष्म्याच्या काचा कशा घासतात ते सांगितलं, अगदी सविस्तर. साहेबांनी मधेच बायफोकलबद्दल विचारलं, त्यावर गडी आणखी खुलला. सरकारी वकील घड्याळ बघत होते.

भोगली तेवढी शिक्षा पुरे, पुढे ८ वर्षं प्रोबेशन ऑफिसरची देखरेख. मागच्या बाकावरची त्याची बहीण ताडकन उभी राहिली, मार्शलने तिला हातानेच बसायची खूण केली. तोवर एका जेनेरिक औषधाच्या पेटंटवाले वकील चाकांच्या बॅगा ओढत आत शिरलेही होते.

रात्री काकांना फोनवर सगळं सांगितलं. काका वकीलच. म्हणाले, "सरकार अपिलात जाईल की!"

मुदत ३० दिवसांची होती. सरकार गेलं नाही.