खांबाच्या पायाचा हिशेब : आमची वाटचाल

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात होंड्याजवळ आमचे फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप 2009 साली सुरू झाले, तेव्हा गोठे किंवा शेड बांधण्याचा विचारही आमच्या मनात नव्हता. खिडक्यांच्या जाळ्या, फाटके आणि मुख्यतः खनिजवाहू ट्रकांच्या हौद्यांची दुरुस्ती यांवर आमचे भागत होते. पिसुर्ले, सोनशी या बाजूला खाणींचा धंदा जोरात असल्यामुळे एक वेल्डिंग मशीन, एक मिस्त्री, एक मदतनीस आणि मी अशा चौघांच्या बळावर घर आणि कर्जाचा हप्ता दोन्ही चालत असे. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद झाल्या. ट्रक अंगणात उभे राहिले आणि त्यांच्याबरोबर आमचे कामही थांबले.

पुढच्या वर्षभरात आसपासच्या अनेक ट्रकमालकांनी गाई घेतल्या. दुधाची गाडी वाड्यापर्यंत येत होती आणि सरकारच्या कामधेनू योजनेतून गाई घेण्यासाठी साहाय्यही मिळत होते. गाई आल्या की पावसाआधी त्यांच्या डोक्यावर छप्पर लागतेच. अशा वेळी एक काका वर्कशॉपवर आले आणि म्हणाले, ‘‘बाब, दहा गाई बांधायच्या आहेत. भिंती नकोत, खांब उभे करून वर पत्रा घालून द्या. चौरस फुटाला किती पडेल तेवढे सांगा.’’ तेथून आमच्या आजच्या धंद्याची सुरुवात झाली. ‘चौरस फुटाला किती’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यायला मात्र आम्हाला पुढची काही वर्षे लागली, आणि हे लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

माझे वडील सुतार होते. त्यांच्या काळी गोठा म्हणजे किंदळाचे किंवा माडाचे खांब, पोफळीच्या रिपा आणि वर चुडते (माडाच्या विणलेल्या झावळ्या) किंवा मंगलोरी कौले. खांब जमिनीत पुरण्यापूर्वी ते त्याचा बुंधा विस्तवावर फिरवून वरवर जाळत, त्यावर डांबर लावत आणि जमिनीच्या पातळीवर चारही बाजूंनी चिऱ्याचे तुकडे ठोकून बसवत. खांब वर कुजत नाही आणि खूप खोलही कुजत नाही, तो माती आणि हवा जिथे भेटतात तिथेच कुजतो, असे ते नेहमी सांगत. लोखंडी पाइप हातात आल्यावर ही गोष्ट आता आपल्या कामाची राहिली नाही असा माझा समज झाला, आणि त्या समजाची किंमत आमच्या पहिल्या काही ग्राहकांना मोजावी लागली.

त्या पहिल्या गोठ्यात आम्ही तीन इंची पाइप थेट खड्ड्यात उभे करून भोवती काँक्रीट ओतले आणि वरचा कोबा पाइपाला टेकवून सपाट केला. चार वर्षांनी काकांनी बोलावले म्हणून गेलो, तर गव्हाणीच्या बाजूचे खांब चांगले होते, पण मूत्रनालीच्या बाजूचे चारही खांब कोब्यापासून दोन-तीन बोटे उंचीपर्यंत फुगले होते. मी खिशातला पेचकस काढून टोचला, तेव्हा गंजाचे पापुद्रे सुटून आले आणि एका खांबात तो आरपार गेला. गोठ्यातल्या ओलीत मूत्राचे क्षार आणि अमोनिया असतात, रोजच्या धुण्याने ती जागा कधी पूर्ण वाळत नाही, आणि जस्ताचा मुलामा एकदा संपला की लोखंड झपाट्याने जाते. वडिलांनी लाकडाबद्दल सांगितलेले लोखंडालाही तसेच्या तसे लागू होते. ते चार खांब आम्ही आमच्या खर्चाने बदलले. तेव्हापासून आमच्या कोणत्याही गोठ्याचा पाइप जमिनीला लागत नाही. कोब्याच्या वर फूटभर उंचीचा काँक्रीटचा ओटा येतो, त्यात अँकर बोल्ट बसवलेले असतात, आणि बेस प्लेटवर, म्हणजे तळाच्या सपाट लोखंडी प्लेटवर, उभा केलेला खांब त्या ओट्यावर येतो. प्लेटभोवती पाणी साचू नये म्हणून ओट्याच्या माथ्याला चारही बाजूंनी हलका उतार काढतो.

दुसरा धडा वाऱ्याने दिला. पावसाच्या तोंडावर एका संध्याकाळी वळवाचा वारा सुटला आणि माळावरच्या आमच्या एका शेडचे छप्पर पत्र्यांसकट, दोन खांबांसह उपटून बाजूच्या काजूच्या बागेत जाऊन पडले. सुदैवाने गुरे चरायला गेली होती. वेल्डिंग कुठेही तुटले नव्हते. खांब आपल्या काँक्रीटच्या गोळ्यासकट, दात उपटावा तसे जमिनीतून वर आले होते. तो गोळा बाजूला पडलेला पाहिला आणि आपण आजवर उलटा विचार करत होतो हे लक्षात आले. छप्पर खाली कोसळू नये याची काळजी आम्ही घेतली होती, पण चारही बाजूंनी उघड्या शेडमध्ये वारा खालून शिरतो आणि छप्पर वर उचलतो.

त्यानंतर ओळखीच्या एका अभियंत्याकडे बसून मी हा हिशेब समजून घेतला. वाऱ्याच्या भारासाठी जी भारतीय मानक संहिता आहे, तिच्यात पणजीसाठी मूळ वेग सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी 140 किलोमीटर धरला आहे. त्या वेगाचा दाब चौरस मीटरला सुमारे 93 किलो येतो. पत्र्याचे स्वतःचे वजन चौरस मीटरला जेमतेम चार-साडेचार किलो. वीस बाय तीस फुटांच्या शेडला दर दहा फुटांवर एक असे दोन्ही बाजूंना मिळून आठ खांब लागतात, आणि वळचणीसह धरले तर मधल्या एका खांबाच्या वाट्याला सुमारे 11 चौरस मीटर छप्पर येते. म्हणजे जोराच्या झोतात त्या खांबाला वर ओढणारे बळ टनाच्या घरात जाऊ शकते. आमचा जुना खड्डा दीड फूट बाय दीड फूट आणि दोन फूट खोल, त्यातल्या काँक्रीटचे वजन सुमारे 300 किलो. आता आम्ही अडीच बाय अडीच आणि तीन फूट खोल खड्डा घेतो, त्यात साधारण 1,270 किलो काँक्रीट बसते. सड्यावरच्या खडपात, म्हणजे कातळात, पहारीने एवढा खड्डा काढणे हे दिवसभराचे काम असते आणि मजुरी वाढते, पण तिथली जमीन खांबाला धरून ठेवते. शेताच्या मऊ मातीत खड्डा पटकन होतो, म्हणूनच तिथे आकार कमी करण्याचा मोह आम्ही कटाक्षाने टाळतो.

आता पैशांचे. दहा गाई, थोडी वैरण आणि मधली वाट एवढे मावणाऱ्या वीस बाय तीस फुटांच्या शेडचा अंदाज आम्ही सध्या असा देतो. खांब, चार कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे), पर्लिन (पत्रा ज्यांवर बसतो ते आडवे दांडे) आणि तिरकस आधार मिळून सुमारे 830 किलो लोखंड लागते. किलोला 80 रुपये धरले तर ते 66 हजारांच्या वर जाते आणि वर्कशॉपमधली घडणावळ किलोमागे 25 रुपयांनी आणखी 20 हजारांच्या पुढे. जमीन 600 चौरस फूट असली तरी उतार, दोन फुटांची वळचण आणि पत्र्यावर पत्रा चढवणे धरून 22 पत्रे, म्हणजे सुमारे 960 चौरस फूट पत्रा विकत घ्यावा लागतो, आणि तो 48 हजारांपर्यंत पडतो. अनेकांना हा फरक आमची चलाखी वाटते, म्हणून मी कागदावर आकृती काढून दाखवतो. आढ्याचा पत्रा आणि स्क्रू 7 हजार, जस्ताचा प्राइमर व रंग 6 हजार, वाहतूक 9 हजार, जागेवरची उभारणी 13 हजार. आठ खड्डे व ओटे खोदाईसह 30 हजार. एकूण दोन लाखांच्या आसपास, त्यावर 18 टक्के जीएसटी. कोबा, गव्हाण आणि नाली यात नाही, ते गवंड्याचे काम असल्यामुळे वेगळे.

या यादीतला एकच आकडा कमी करण्याचा आग्रह सगळीकडे होतो, तो खड्ड्यांचा. जुन्या मापाने तेच काम सात हजारांत झाले असते. फरक 23 हजारांचा, म्हणजे एकूण रकमेच्या दहाव्या हिश्शाहून अधिक, आणि तो मातीखाली गाडला जात असल्यामुळे ग्राहकाला कधी दिसत नाही. या एका आकड्यावरून आमची कित्येक कामे दुसऱ्याकडे गेली आहेत. तरीही कोटेशनमध्ये आम्ही खड्ड्यांचे माप पहिल्या ओळीत लिहितो आणि काँक्रीट ओतण्यापूर्वी मालकाने स्वतः टेप धरून ते मोजावे असा आग्रह धरतो.

पाइपाच्या बाबतीतही डोळ्यांनी फरक कळत नाही. तीन इंची हलका आणि मध्यम पाइप बाहेरून सारख्याच जाडीचे दिसतात, पण सहा मीटरचा मध्यम पाइप सुमारे 50 किलो भरतो आणि हलका सुमारे 40. पाइपावर रंगाचा पट्टा असतो, हलक्याला पिवळा, मध्यमला निळा. आमच्या ग्राहकांना आम्ही निळा पट्टा बघायला शिकवले आहे, आणि वजनकाट्याची पावती बिलाला जोडतो. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जाते, तिथे ब्रशने साफ करून लगेच जस्तयुक्त रंग लावल्याशिवाय कैची वर्कशॉपबाहेर जात नाही. हे काम आमच्या मदतनिसाकडे आहे आणि ते तो अतिशय निष्ठेने करतो.

2018 मध्ये खाणी पुन्हा थांबल्या, तोपर्यंत आमचा त्या धंद्याशी संबंध उरला नव्हता. खरी ओढाताण 2021 आणि 2022 मध्ये झाली. लोखंडाचा भाव कोटेशन देताना एक आणि माल बेळगावहून चोर्ला घाटातून खाली उतरेपर्यंत दुसरा, असे अनेकदा घडले. दोन कामे आम्ही तोट्यात पूर्ण केली, कारण शब्द दिला होता. मे 2022 मध्ये केंद्राने पोलादाच्या निर्यातीवर शुल्क लावल्यावर भाव उतरले, पण तेव्हापासून आमचे कोटेशन पंधरा दिवसांपुरतेच असते आणि त्यात लोखंडाचे वजन व दर वेगळे लिहिलेले असतात. हिशेब सौभाग्यवतींच्या हाती गेल्यापासून ही शिस्त आली, हे मला मनापासून नमूद करायचे आहे.

16 मे 2021 रोजी तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. वीज नव्हती, रस्त्यांवर झाडे आडवी पडली होती. दुसऱ्या दिवशी मी आणि मिस्त्री मोटरसायकलवरून शक्य तेवढी शेडे बघत फिरलो. एका शेडवर माड पडून कैची वाकली होती. दोन ठिकाणी कोपऱ्यातले पत्रे सुटले होते, कारण तिथे स्क्रू पत्र्याच्या एकाआड एक उंचवट्यावर मारले होते. वाऱ्याची ओढ कडेला आणि कोपऱ्यात सर्वांत जास्त असते, त्यामुळे आता त्या रांगांत प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू येतो. मोठ्या खड्ड्यांवरचा एकही खांब हलला नव्हता. मिस्त्रीने प्रत्येक ठिकाणी ओळंबा लावून पाहिला.

आज आम्ही सात जण आहोत. नवे काम ऑक्टोबरात सुरू करायचे असले, तरी आम्ही मे महिन्यातच जागेवर जाऊन आठही खड्ड्यांच्या जागी खुंट्या ठोकून येतो. सध्या वाळपईच्या पुढे एका वाड्यावर अशा खुंट्या उभ्या आहेत. त्यांच्या मालकीणबाईंना मी विनंती केली आहे की, पाऊस लागला की कोणत्या खुंटीशी पाणी किती दिवस साचून राहते ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. गणेश चवथीनंतर ते कॅलेंडर बघायला मी जाणार आहे, आणि खड्ड्यांची अंतिम मापे त्यानंतरच ठरतील.