आकड्यांच्या वरच्या ओळी

गुरुवार, अमळनेर

काम सांगायला अगदी किरकोळ. उपग्रहाच्या कॅमेऱ्याने कुठल्या क्षणी कुठे बघायचं याचा तक्ता एक्सेलमध्ये आला होता, तो एसटीकेला, म्हणजे उपग्रहाची फेरी नकाशावर चालवून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, वाचता येईल अशा फाईलमध्ये उतरवायचा. सेन्सरची, म्हणजे इथे कॅमेऱ्याची, पॉइंटिंग फाईल वेगळी असते, नावाच्या शेवटी डॉट एसपी. आत साधा मजकूर, नोटपॅडमध्येसुद्धा उघडतो. सगळ्यात वर आवृत्तीची ओळ, मग ‘बिगिन ॲटिट्यूड’ (ॲटिट्यूड म्हणजे तोंड कुठल्या दिशेला ते), मग बिंदू किती, सेकंद कुठल्या क्षणापासून मोजायचे, अक्ष कोणते. त्याखाली रांगच्या रांग आकडे: आधी वेळ, पुढे कोन किंवा क्वाटर्निअन. शेवटी ‘एंड ॲटिट्यूड’. शिकाऊ पोरगंही तासाभरात करेल असं ऑफिसात सगळ्यांचं मत आहे. त्यामुळेच बहुधा ते दरवेळी घरून काम करणाऱ्या बाईच्या वाट्याला येतं.

सासूबाई गच्चीवर कुरडया घालून खाली आल्या, पदराने वारा घेत स्क्रीनकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “हाई काय शे? बठ्ठा आकडाच शेतस.” हसले, पण त्यांनी नेमकं बोट ठेवलं होतं. तक्त्यात खरंच नुसते आकडे होते. पहिल्या कॉलमवर ‘टाइम’, पुढच्या चारांवर क्यू-एक, क्यू-दोन, क्यू-तीन, क्यू-चार. बस.

क्वाटर्निअन म्हणजे दिशा सांगणारे चार आकडे. तीन फिरण्याच्या अक्षाचे, एक सुटा. हा सुटा आकडा आधी लिहायचा की शेवटी, यावर जगाचं एकमत नाही. नासाच्या स्पाइस या सॉफ्टवेअरमध्ये तो पहिला, एसटीकेमध्ये शेवटचा. अंतराळ संस्थांच्या सीसीएसडीएस या समितीने २००८ साली ॲटिट्यूडच्या निरोपांचं मानक काढलं, त्यात फाईलमध्येच ‘फर्स्ट’ की ‘लास्ट’ लिहायची सोय ठेवली. म्हणजे भांडण मिटवलं नाही, निदान कोण कुठल्या बाजूचा ते विचारायची पद्धत पाडली. मला तेवढंही पुरे.

क्रम उलटा गेला तर काय होतं? शून्य, शून्य, शून्य, एक म्हणजे काहीच फिरायचं नाही. सुटा आकडा पहिला धरून हेच वाचलं, तर उपग्रह झेड अक्षाभोवती, म्हणजे त्याच्या बहुतेकदा पृथ्वीकडे असलेल्या अक्षाभोवती, १८० अंश फिरलेला. गंमत अशी की कॅमेरा झेड अक्षावरच बसवलेला असेल तर तो तरीही सरळ खालीच बघतो. चित्रात सगळं छान दिसतं. फक्त कॅमेरा बाजूला झुकवायला सांगितलं की तो भलतीकडेच बघतो. चारही आकड्यांच्या वर्गांची बेरीज एक आली पाहिजे ही तपासणी सगळे करतात, पण क्रम कसाही लावा, बेरीज एकच येणार. खाली बघणाऱ्या ओळी तपासून अशा वेळी काही कळत नाही. तक्त्यातली अशी ओळ शोधावी लागते जिथे कॅमेरा मुद्दाम एका बाजूला झुकलाय, आणि ती बाजू कुठली हे आपल्याला दुसरीकडून ठाऊक आहे.

तशी ओळ सापडली. सुटा आकडा पहिलाच होता. कॉलम हलवले.

दशांशांचंही असंच. एक्सेलमध्ये कुणीतरी ‘नीट दिसावं’ म्हणून तीनच दशांश ठेवतो आणि तेच कॉपी होऊन येतं. तिसऱ्या दशांशावर तोडलं की दिशेत सहज ०.००१ रेडियनचा फरक पडू शकतो. ५०० किलोमीटर उंचीवरून जमिनीवर तो अर्धा किलोमीटर. रावेरच्या केळीच्या बागेचा फोटो हवा असेल तर शेजारच्याची बाग येईल. मूळ फाईल परत मागवली. ती आठ दशांशांसकट आली, सोबत “एवढे कशाला लागतात ताई?” हा प्रश्नही.

शुक्रवार

आज वेळेचा कॉलम.

अशी फाईल आली की मी आधी एक चाचणी बनवून घेते, जिचं उत्तर मला नकाशाकडे न बघता येतं. माझं ठिकाण ठरलेलं आहे, जळगाव. तक्ता पाठवणाऱ्या टीमला सांगून ठेवलं होतं की उपग्रह जवळपास डोक्यावरून जाताना कॅमेरा सतत जळगावकडे रोखून ठेवला तर आकडे काय येतील, तेवढी एक फेरी वेगळी द्या. ही फेरी त्यांनी अझिमथ-एलिव्हेशनमध्ये दिली, म्हणजे एक आडव्या दिशेचा कोन आणि एक उंचीचा. (इथे एक जुनी मौज आहे. गच्चीत उभं राहून बघणाऱ्याला ९० अंश एलिव्हेशन म्हणजे डोक्यावर. एसटीकेमधल्या सेन्सरला ९० म्हणजे उपग्रहाच्या झेड अक्षाच्या दिशेने, आणि तो अक्ष बहुतेकदा पृथ्वीकडे असतो. नव्या मुलांचा कॅमेरा पहिल्यांदा तारेच बघतो.)

फाईल चालवली. एकही तक्रार नाही, लाल अक्षर नाही. हिरवा शंकू, म्हणजे कॅमेऱ्याची नजर, उत्तरेकडून आला, जळगाव शिवारात थांबायला हवा होता, तो अजिंठ्याचा घाट चढून थेट छत्रपती संभाजीनगरवर जाऊन बसला. आणि तिथे इतका ठाम बसला की कुणालाही वाटावं, तेच ठिकाण दिलं होतं.

मला ते बघून बरं वाटलं, कारण हे अंतर ओळखीचं आहे. एवढ्या उंचीवरच्या उपग्रहाची जमिनीवरची सावली, म्हणजे त्याच्या बरोबर खालचा बिंदू, सेकंदाला साधारण ७ किलोमीटर सरकते. जळगाव ते संभाजीनगर हवाई अंतर सव्वाशेच्या थोडं वर. भागून बघा: १८ सेकंद. जीपीएसचं घड्याळ यूटीसीच्या, म्हणजे जगाच्या प्रमाण वेळेच्या, नेमकं १८ सेकंद पुढे आहे, कारण यूटीसीत अधूनमधून लीप सेकंद घालतात आणि जीपीएसमध्ये घालत नाहीत. शेवटचा लीप सेकंद २०१६ च्या ३१ डिसेंबरला घातला, तेव्हापासून फरक तेवढाच आहे. तक्त्यातली वेळ उपग्रहावरच्या जीपीएस रिसिव्हरची होती, फाईल ती यूटीसी म्हणून वाचत होती. प्रत्येक कोन १८ सेकंद उशिरा लागू होत होता, आणि दक्षिणेला निघालेला उपग्रह तोवर तेवढा पुढे गेलेला.

त्या टीमला फोन केला. तिकडचा मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, “ताई, आमच्याकडे सगळे जीपीएस टाइमच वापरतात, लिहायचं कशाला?” त्याच्यावर काय रागवायचं! घरात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कुणी पाटीवर लिहीत नाही. पण फाईल घराबाहेर जाते. मी त्याला एवढंच सांगितलं की यापुढे तक्त्याच्या डोक्यावर चार गोष्टी लिहून आल्याशिवाय मी आकड्यांना हात लावणार नाही: घड्याळ कुठलं, अक्ष कुठले, सुटा आकडा कुठे, कोन अंशात की रेडियनमध्ये. “मेल टाका,” म्हणाला. टाकला.

अक्षांचं मात्र त्यांनी स्वतःहून लिहिलं होतं, जे२०००. त्याचं कौतुक वाटलं, कारण तिथे गाफील राहणं सोपं असतं. जे२००० म्हणजे २००० सालच्या १ जानेवारीच्या दुपारी बारा वाजताचं विषुववृत्त आणि संपातबिंदू (वसंतात सूर्य विषुववृत्त ओलांडतो तो). तो बिंदू वर्षाला सुमारे ५० विकला (३६०० विकलांचा एक अंश) मागे सरकतो. पंचांगवाले ज्याच्यासाठी अयनांश देतात तेच हे अयनचलन. पाव शतकात ते एक तृतीयांश अंशावर गेलं, म्हणजे चुकून आजचे अक्ष धरले तर आपल्या उंचीवरून जमिनीवर तीनेक किलोमीटरची चूक. चाळीसगावजवळ पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवाच्या, चांगदेवाच्या मठाचा तेराव्या शतकातला शिलालेख आहे. त्या घराण्याला अयनचलन समजावून सांगावं लागलं नसतं. आमच्याकडच्या पोरांना लागतं, आणि सांगताना मलाही जरा मजा येते.

१८ सेकंद वजा करून फाईल पुन्हा चालवली. शंकू जळगाववर आला आणि फेरी संपेपर्यंत तिथून हलला नाही. मग मूळ तक्ता त्याच हेडरखाली घालून, वर शेरा लिहून रात्री नऊला पाठवून दिला.

सोमवारी स्टार ट्रॅकरची, म्हणजे तारे बघून उपग्रहाची दिशा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याची, फाईल आहे. सूर्य त्याच्या दृष्टीच्या किती अंश जवळ आलेला चालेल, तो आकडा अजून कुणी दिलेला नाही. त्याचाही मेल टाकलाय.