पोलचा ब्रश आणि वाया गेलेले तीन आठवडे

उंच खिडक्या जमिनीवर उभे राहूनच धुता याव्यात म्हणून मी पाण्याची नळी आतून जाणारा लांब पोल घेतला, तेव्हा ब्रशची निवड हे त्यातले सर्वांत सोपे काम असेल, अशी माझी समजूत होती. पोल, नळी आणि पाण्यातले क्षार काढून ते शुद्ध करणारे रेझिनचे सिलिंडर दोन दिवसांत जमले. ब्रशने मात्र तीन आठवडे घेतले. त्यांतले निदान दोन तरी विक्रेत्याच्या एकाच ठरावीक उत्तरापायी गेले, याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

तळमजल्यावरच्या काचा वाळल्यावर लखलखीत दिसत. वरच्या दोन खिडक्यांवर मात्र पांढुरके ठिपके उरत. विक्रेत्याचे उत्तर ठरलेले होते: रेझिन संपले असेल, बदला. पाण्यातल्या क्षारांचे डाग साधारणपणे १० पीपीएमच्या (दहा लाख भागांत दहा भाग) पुढे दिसू लागतात, आणि हे क्षार मोजणारा माझा टीडीएस मीटर शून्य दाखवत होता. ब्रशमधून बाहेर पडणारे पाणी बाटलीत धरून मोजले, तरी शून्यच. हे सांगूनही उत्तर बदलले नाही. शेवटी मी रेझिन बदलले आणि ठिपके जसेच्या तसे राहिले.

मग एका सकाळी मी काम थांबवून नुसता काचेकडे पाहत उभा राहिलो. तळमजल्याच्या काचेवर पाणी चादरीसारखे पसरून एकसंध खाली येत होते, तर वरच्या काचेवर ते अळवाच्या पानावर जमावे तसे थेंबाथेंबाने जमत होते. माझ्या ब्रशला बारीक सरळ धार सोडणारी दोनच नोझल होती. जी काच पाणी धरते तिच्यावर दोन धारांचे पाणी आपोआप आजूबाजूला पसरते. जी पाणी झटकते तिच्यावर त्या धारा दोन अरुंद पट्ट्यांनी सरळ खाली उतरतात, आणि मधल्या चार बोटे रुंद पट्ट्यात ब्रशने सोडवलेली धूळ थेंबांत अडकून तिथेच वाळते. ठिपके त्या धुळीचे होते. पाण्यात काहीच दोष नव्हता.

मी पंख्यासारखा फवारा सोडणारी नोझल बसवली आणि शेवटच्या धुण्यात ब्रश काचेवरून उचलणे बंद केले. ब्रशचे केस काचेला टेकलेले ठेवून वरून खाली सावकाश ओढले की तेच पाणी सगळीकडे नेतात. पहिल्याच प्रयत्नात काच स्वच्छ वाळली, आणि त्या क्षणी झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. म्हणून ब्रश मागवण्यापूर्वी प्रत्येक प्रकारच्या काचेवर तांब्याभर पाणी ओतून ते कसे उतरते ते पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. मात्र फवाऱ्याच्या नोझलना पाण्याचा प्रवाह पुरेसा लागतो; तो कमी पडला तर फवारा उघडतच नाही आणि पाणी नुसते ठिबकते.

केसांबद्दल फार काथ्याकूट करू नये. नायलॉन हलका आणि टिकाऊ असतो. डुकराचे केस पक्ष्यांची वाळलेली विष्ठा चांगली घासून काढतात, पण भिजल्यावर जड होतात आणि लवकर झिजतात. मी दोन्हींचे मिश्रण असलेला ब्रश वापरतो. रुंदीचा मोह मात्र आवरावा. ४५ सेंटीमीटरचा ब्रश हातात हलका वाटला, तरी पोल पूर्ण लांबवल्यावर त्याच्या टोकाचे थोडेसे जास्तीचे वजनही खांद्याला जाणवते. मी ३० सेंटीमीटरवर समाधानी आहे. कोन बदलता येणारा वाकडा जोड नक्की घ्यावा, कारण पोल जवळजवळ उभा धरल्यावर त्याच्याशिवाय केस काचेवर सपाट टेकत नाहीत.

हे खरे तर सर्वांत आधी लिहायला हवे होते: पोलच्या टोकाचे आटे आणि ब्रशच्या सॉकेटचे आटे जुळतात का, ते मागवण्यापूर्वीच विचारून घ्यावे. युरो आणि ॲक्मे हे आटे वेगवेगळे असून एकमेकांत बसत नाहीत. माझा पहिला ब्रश एवढ्याच कारणाने परत गेला. आणि प्रथमच धुतल्या जाणाऱ्या खिडकीची चौकट आधी घासून पूर्ण निथळू द्यावी, नाहीतर तिच्या फटींतला मळ नुकत्याच धुतलेल्या काचेवर ओघळतो.