काकाशी

दिवाळीच्या आधी आमच्या वावरातील ज्वारी निसवली, कणसांत दूध भरू लागले आणि पोपटांच्या थव्यांनी सकाळ-संध्याकाळ हजेरी लावायला सुरुवात केली. आर्वी तालुक्यातील आमच्या गावात ज्वारी पेरणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. चहूकडे सोयाबीन, कपाशी आणि तूर असताना मधोमध दोन एकर ज्वारी पेरणे म्हणजे पंचक्रोशीतील पाखरांना पंगतीचे आवतण देणेच होय. माझ्या काकांना मात्र हुरडाही हवा असतो आणि बैलांसाठी कडबाही, त्यामुळे ते दरवर्षी हे आवतण देतात आणि दरवर्षी न चुकता बुजगावणेही उभे करतात.

यंदाचे बुजगावणे जरा जास्तच जमले. दोन वेळूंची फुली बांधून तिच्या हातांना पऱ्हाट्यांच्या जुड्या लावल्या होत्या, पोटात सोयाबीनचे कुटार कोंबले होते आणि डोक्याच्या जागी पालथ्या मडक्यावर चुन्याचे दोन डोळे काढले होते. इथपर्यंत सारे नेहमीचेच होते. पण काकूंनी जुन्या चिंध्यांऐवजी काकांचा फिक्या निळ्या रंगाचा, कॉलर विरलेला सदरा दिला आणि काकांनी तो बुजगावण्याला घालताना, स्वतःच्या सवयीप्रमाणे, वरची दोन बटणे उघडी ठेवून बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. खिशात खर्ऱ्याची, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीची, अर्धी पन्नी तशीच राहिली होती.

त्यानंतर आठ दिवस गावात काकांविषयी कुजबुज चालली होती. पांदणीने बंडी घेऊन जाणाऱ्या एकाने काकूंना सरळच विचारले, "काहो वहिनी, भाऊ रागावले काय आमच्यावर? दोनदा राम राम घातला, मानही नाही हालवली." दुसऱ्याचे म्हणणे असे की मजूर मिळत नाहीत म्हणून ओरडणारा हा माणूस दिवसभर वावरात नुसता हात पसरून उभा असतो. तिसरा मात्र काही बोलला नाही. खिशातील पन्नी त्यानेच काढून नेली असावी, असा काकांचा कयास आहे आणि खर्ऱ्याच्या बाबतीत काकांचा कयास सहसा चुकत नाही. पोपट तर चौथ्या दिवशीच त्या मडक्यावर बसून कणसे सोलू लागले होते. पाखरे ज्याला चार दिवसांत ओळखतात, त्याला माणसे आठ दिवस राम राम घालत होती, याचे मला अजूनही नवल वाटते.

कावळ्यांच्या बाबतीत तर यावर प्रयोगही झालेला आहे. अमेरिकेतील सिएटल येथे वॉशिंग्टन विद्यापीठाचे पक्षीशास्त्रज्ञ जॉन मार्झलफ यांनी २००६ मध्ये आदिमानवाचा मुखवटा घालून सात कावळे पकडले, त्यांच्या पायांत कडी अडकवली आणि त्यांना सोडून दिले. पुढे कितीतरी वर्षे तो मुखवटा घालून कुणीही विद्यापीठाच्या आवारात फिरले, की कावळे, ज्यांना कधी पकडलेही नव्हते असे कावळेसुद्धा, त्याच्यामागे कोकलत लागत. इतक्या हुशार पाखराला दोन चुन्याचे ठिपके किती दिवस फसवणार? म्हणूनच जाणते शेतकरी बुजगावण्याला तीन-चार दिवसांपेक्षा जास्त एका जागी उभे ठेवत नाहीत.

जपानी भाषेत बुजगावण्याला 'काकाशी' म्हणतात, हे मला याच दिवसांत कळले आणि मी एकटाच बराच वेळ हसत बसलो, कारण आमच्या पांदणीवरून जाणारा प्रत्येक जण अक्षरशः काकाशीच बोलत होता. हा शब्द वासावरून आला, असे सांगतात. तिकडचे शेतकरी पूर्वी जळके केस, कुजके मांस असल्या दुर्गंधी वस्तू शेतात लावून जनावरांना दूर ठेवत आणि माणसाचा आकार त्या वासाच्या मागाहून आला. आमच्याकडे आजही रानडुकरांसाठी न्हाव्याच्या दुकानातील केस पोत्याने आणून धुऱ्यावर टाकतात, लुगड्यांचे कुंपण बांधतात आणि झटका मशीन लावूनही पुन्हा रात्रीच्या जागलीला जातात. केसांचा उपाय जपानपर्यंत गेला की तिकडून आला, या वादात पडायचे मला कारण नाही. डुक्कर दोन्हीकडे सारखेच असावे.

इ. स. ७१२ मध्ये सिद्ध झालेल्या 'कोजिकी' या जपानच्या पुरातन ग्रंथात तर बुजगावण्याचा देवच आहे. त्याचे नाव कुएबिको. समुद्रावरून एक इवलासा देव नावेतून येतो, त्याचे नाव कुणालाच ठाऊक नसते, तेव्हा एक बेडूक सांगतो की हे कुएबिकोला ठाऊक असेल. आणि खरोखरच त्याला ते ठाऊक असते. त्याला चालता येत नाही, पण एका जागी उभा राहून त्याला जगातले सारे कळते. आमच्या पारावरही असे दोघे-तिघे आहेत, फक्त ते बसलेले असतात.

शिकोकू बेटावरील इया खोऱ्यात नागोरो नावाचे डोंगराळ गाव आहे. त्सुकिमी आयानो नावाच्या बाई ओसाका सोडून या शतकाच्या सुरुवातीला वृद्ध वडिलांची देखभाल करायला तिथे परतल्या. त्यांनी पेरलेले बी पाखरांनी खाल्ले, म्हणून त्यांनी एक बुजगावणे केले आणि ते वडिलांसारखे झाले. सकाळी रस्त्याने जाणारे शेजारी त्यालाच वडील समजून 'लवकर उठलात' म्हणून विचारपूस करू लागले. हे वाचताना मला आमच्या बंडीवाल्याची आठवण न होती तरच नवल. पुढे गावातील कुणी वारले किंवा गाव सोडून गेले, की बाई त्याची बाहुली करू लागल्या. लाकडाचा सांगाडा, वर्तमानपत्राच्या सुरळ्या, कापूस, कापडाची कातडी आणि बटणांचे डोळे असे त्यांचे साहित्य. आज त्या बाहुल्या बसथांब्यावर वाट पाहतात, शेतात वाकलेल्या असतात, ओसरीवर गप्पा मारतात. गावची शाळा २०१२ मध्ये बंद झाली, तेव्हा शेवटच्या दोन विद्यार्थ्यांनी स्वतःच्या बाहुल्या केल्या; त्या अजून वर्गात बसून आहेत. बाहुल्या साडेतीनशेच्या घरात आणि माणसे तीसहूनही कमी, असे ते गाव. ऊनपावसात बाहुली दोन-तीन वर्षांत विरते, मग बाई तिला नवी करतात.

आपल्याकडे मात्र बाहुली ठेवून घेण्यासाठी नसून घालवून देण्यासाठी असते. नागपूरच्या काळ्या आणि पिवळ्या मारबतीची, म्हणजे ईडापीडा घालवण्यासाठी केलेल्या पुतळ्यांची, मिरवणूक सर्वांना ठाऊक आहे. आमच्या खेड्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे दाराशी लावलेले पळसाचे मेढे उचलून "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" असे ओरडत शिवेबाहेर टाकून येतात आणि कुणी मागे वळून पाहत नाही. गेलेल्या माणसाला कापूस भरून परत ओसरीवर बसवायचे, ही कल्पना माझ्या काकूंना तर मुळीच रुचली नाही. "रातच्याला उठलं अन् समोर सासूबाई दिसल्या तं?" एवढेच त्या म्हणाल्या.

काकांना मी नागोरोची छायाचित्रे मोबाइलवर दाखवली, ती वावरातच, धुऱ्यावर बसून. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून एकेक चित्र बोटाने मोठे करून पाहिले. बसथांब्यावरच्या बाया, फावडे घेतलेला रस्ताकामगार, वर्गातली पोरे. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग फोन परत देत म्हणाले, "एवढी माणसं हायेत गावात, अन् निंदाले एकही येत नसन."

पोपट पुन्हा मडक्यावर येऊन बसले होते. चार दिवस उलटून गेले होते, म्हणून काका उठले, ज्वारीतून वाट काढत बुजगावण्यापाशी गेले, त्याला कमरेत धरून उपसले आणि कपाशीच्या बाजूला नेऊ लागले. मी धुऱ्यावरून पाहत होतो. कणसांच्या वर दोन निळसर सदरे हलत होते, दोघांच्याही बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या आणि पांदणीवरून जाणारा कुणीतरी बंडी थांबवून राम राम घालत होता.