टकल्या कॅप्टन आणि बाबा

डायलिसिसला चार तास. सुया टोचणं, मशीन लावणं, उतरवणं धरलं तर पाच. आठवड्यातून दोनदा पहाटेच्या एसटीनं दारव्ह्याहून यवतमाळ. बाबांच्या डाव्या हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे सुया टोचायला जोडून घेतलेल्या शिरेवर, बोट ठेवलं की आत पिठाच्या गिरणीसारखी घरघर लागायची. ती चालू आहे ना, हे रोज सकाळी बघायचं काम माझं. पाणी मोजून प्यायचं, तेही मे महिन्यात! शेजारच्या वावरात संत्र्याचा बगीचा आणि बाबांना संत्री बंद, कारण पोटॅशियम वाढतं.

त्या चार तासांत मी मोबाईलवर 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' ही अंतराळयानातल्या लोकांची इंग्रजी मालिका बघायला लागलो. १९८७ ते १९९४, सात सीझन, १७८ भाग. भरपूर माल, मला तेच हवं होतं. एक दिवस बाबांनी मान वळवली, "काय पाहून रायला रे?" मग इयरफोनचं एक बोंडूक त्यांच्या कानात, एक माझ्या. इंग्रजी त्यांना ओ की ठो कळायचं नाही; मी वऱ्हाडीत सांगायचो. यानाचा कॅप्टन पिकार्ड म्हणजे 'टकल्या', उंचवट्याच्या कपाळाचा, क्लिंगॉन नावाच्या परग्रही जमातीतला वॉर्फ म्हणजे 'कपाळवाला'.

एकदा याच मालिकेच्या खानदानातला १९८६ चा सिनेमा लावला, चौथा. तेविसाव्या शतकातला डॉक्टर मॅकॉय सॅन फ्रान्सिस्कोच्या दवाखान्यात येतो. एक म्हातारी डायलिसिससाठी थांबलेली दिसते, तर तो चकितच होतो. हे काय मागासलेपण! एक गोळी देऊन निघून जातो आणि थोड्या वेळानं म्हातारी नवी किडनी उगवली म्हणून ओरडत सुटते. बाबा एवढे हसले की सुईचा हात हलला, मशीन ओरडलं, सिस्टर आमच्यावर खेकसल्या. बाबांचं आपलं चालूच, "आपल्या डॉक्टरले दाखव ना हे."

अशी गोळी कधीतरी येईल, या आशेवर आम्ही काही दिवस काढले नाहीत. बाबांना आवडायची ती यानातली मीटिंग. अडचण आली की टकल्या सगळ्यांना लांब टेबलाभोवती बसवतो, प्रत्येकाला विचारतो. कपाळवाला बहुतेक वेळा हल्ला करा म्हणतो. त्याचंही ऐकून घेतो, मग स्वतः ठरवतो. "हा पाटील बरा हाय," बाबा म्हणाले. "साऱ्याइले इचारते."

आमच्याकडे उलटं. आईची किडनी घ्यायची की नाही, यावर ओसरीत काका, मामा, भाऊजी, सगळे तावातावानं बोलत होते. बाबा खाटेवर भिंतीला टेकून बसलेले. मध्येच म्हणाले, "बिमार मी हावो. मले इचारलं काय कोणी?" सगळे गप. मग मी विचारलं. ते नाही म्हणाले. आईला वावरात जावं लागते, तिच्या अंगाला हात लावायचा नाही. मला तो निर्णय आजही पटलेला नाही. पण विचारलं होतं, आणि उत्तर त्यांचं होतं.

तेरवीनंतर उरलेला सातवा सीझन एकट्यानं संपवला. त्यातला एक भाग तर भयंकर आहे, डॉक्टरीणबाई मेणबत्तीतल्या भुताच्या प्रेमात पडते! बाबांनी मोबाईलच हिसकला असता. शेवटच्या भागात मात्र टकल्या पहिल्यांदाच आपल्या लोकांसोबत पत्ते खेळायला बसतो. आमचे बाबा पक्के रमीवाले. त्यांनी लगेच विचारलं असतं, "सात वर्सं काय करत होता बे हा?"