डॉप्लरमध्ये मायक्रोबबल वापरताना

पेशंट लठ्ठ असला की रीनल आर्टरीचा (मूत्रपिंडाच्या धमनीचा) डॉप्लर सिग्नल, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीचा सिग्नल, हरवतो; तिथे मायक्रोबबल, म्हणजे शिरेतून द्यायचे वायूचे सूक्ष्म बुडबुडे, खरंच कामाला येतात. सोनोव्ह्यू या मायक्रोबबल औषधाच्या वायलमध्ये (छोट्या बाटलीत) ५ मिली नॉर्मल सलाइन घालून २० सेकंद जोरात हलवा, दुधाळ झालं पाहिजे. डोस २.४ मिली, मागोमाग ५ मिली सलाइन. सुई २० गेजपेक्षा बारीक नकोच, दाबाने बुडबुडे फुटतात. ठेवलेल्या वायलमध्ये ते वर तरंगतात, म्हणून सिरिंजमध्ये भरण्याआधी पुन्हा हलवा. नागपूरच्या मे महिन्यात तयार वायल एसीच्या खोलीबाहेर ठेवू नका.

बोलस (एकदम दिलेला डोस) पोचताच डॉप्लरचा रंग रक्तवाहिनीच्या भिंतीबाहेर सांडतो, रक्ताचा वेगही खऱ्यापेक्षा जास्त दिसतो; त्यावर स्टेनोसिस (धमनी अरुंद झाली आहे असं) ठरवणं धोक्याचं. आधी गेन (सिग्नल वाढवणारी सेटिंग) उतरवा, थोडं थांबा, मगच मोजा.